हेप्सी अजून तयार नाही

१४ जून, सकाळी

नाही, माझा चीजला विरोध नाही. चीज म्हणजे जे कापताना टेबल हलतं, जे ॲपल पायच्या शेजारी गपचूप उभं राहतं, पिवळं, टणक. ते मी सत्तर वर्षं खातोय. विरोध आहे तो ह्या लोळणाऱ्या प्रकाराला. वरून पांढरी बुरशी, आतून खीर, आणि कमरेला स्प्रूस झाडाच्या सालीचा पट्टा. पट्टा कशाला, तर सोडलं की पसरतं. ज्याला उभं राहायला पट्टा लागतो ते अजून तयारच झालेलं नाही. एवढं मला आठवीपर्यंतच्या शाळेत कळलं. त्यापुढची शाळा शिकलेल्यांना कळत नाही.

माझी मुलगी लॉर्ना हेच बनवते. तिसरं वर्ष. बर्लिंग्टन शहरातली शाळेची नोकरी सोडून आली, माझ्या चौदा जर्सी गाई घेतल्या, माझं बटाट्याचं तळघर घेतलं, आणि चीजला नाव दिलं माझ्या आईचं. हेप्सी. आई नव्वदाव्या वर्षी गवताच्या गाडीवर उभी राहून माणसांना शिव्या घालायची. तिचं नाव ह्याला.

काल जेवताना लॉर्नाने जाहीर केलं की ऑगस्टच्या जत्रेत चीजच्या तंबूत हेप्सी ठेवणार. जज बाहेरून येतात. ते म्हणाले जमलंय, तर पुढे चालू. ते म्हणाले नाही, तर आपली रीतच चुकली असं समजून गाई न्यूयॉर्ककडच्या माणसाला देणार आणि परत शाळेत जाणार. तीन वर्षं पुरे झाली म्हणाली.

गेल्या गाई तर गेल्या. मला काय त्याचं. खुबा बदलल्यापासून धारा मी काढत नाही. गोठा रिकामा झाला की ट्रॅक्टर आत ठेवता येईल. रोज पहाटे उठून मी गोठ्यात जातो ते मापं घ्यायला. गाई मध्ये उभ्या असतात म्हणून नीट घेता येत नाहीत, म्हणून रोज जावं लागतं.

१६ जून

लॉर्नाचं नाक गेलंय. एप्रिलमध्ये ताप आला, तेव्हापासून वास येत नाही. कॉफी आणि डिझेल तिला सारखंच. डॉक्टर म्हणे येईल हळूहळू. डॉक्टरला काय, त्याला हळूहळूचेही पैसे मिळतात. काल तळघरात एक चकती नाकाशी धरून बराच वेळ उभी होती. मी पाहिलं. मापं घ्यायला गेलो होतो.

आज म्हणाली, तिला कुणाचं तरी नाक पाहिजे. देशातली चांगली चांगली मऊ चीजं मागवणार, कुणीतरी ती चाखायची, मग हेप्सी चाखायची, आणि हेप्सी कधी तयार झाली ते सांगायचं. आर्डिथ, म्हणजे माझी बायको, म्हणाली, मला नको त्यात ओढू, मी पांढऱ्या कातडीचं काही खात नाही. बाबाला दे काम. दिवसभर खिडकीत बसून लोकांच्या ट्रकना नावं ठेवतो.

मी नाही म्हणालो. स्वच्छ. मग लॉर्ना म्हणाली बरं, रेजीला विचारते. रेजी बूशार, पलीकडच्या शेतातला. त्याची आजी क्वेबेकची, म्हणजे फ्रेंच, म्हणून तो तोंडात चीज घेऊनच जन्मला असं त्याला वाटतं. मी हो म्हणालो.

ठरवलं: खरं बोलायचं. थोडं खायचं. कौतुक करायचं नाही.

२० जून

खोकं आलं. सहा चीजं. बर्फाच्या पिशव्या, गवताची गादी, वर धन्यवादाची चिठ्ठी. राजकन्या पाठवतात तसं. जॉर्जियाचं एक चौकोनी, इंडियानाचं शेळीच्या दुधाचं राखेत लोळवलेलं, कॅलिफोर्नियाचं शेळीचंच पण राख मधोमध रेघ ओढून, न्यूयॉर्कचं गाय आणि मेंढी दोघींचं मिळून, कनेक्टिकटचं बशीएवढं, आणि ऑरेगॉनचं पानात गुंडाळलेलं. साध्या दुधाला एवढी सोंगं.

लॉर्नाने सूचना दिल्या. सगळी एकाच दिवशी उघडायची, शेजारी शेजारी ठेवायची, प्रत्येकाची पातळ फोड, तासभर आधी फ्रिजमधून बाहेर. मी मान हलवली. ती धारांना गेली.

सहा एकदम उघडायची. ह्या घरात पहिली बरणी चाटून पुसून झाल्याशिवाय दुसऱ्या बरणीचं झाकण निघालेलं नाही, माझ्या हयातीत नाही आणि आईच्याही नाही. एकेक घेणार. सगळ्यात जुनं आधी, मग त्याच्या नंतरचं. लेबलावर तारखा आहेत, लावून ठेवली ओळीने. कोठीच्या फळीवर, कारण फ्रिजमध्ये आर्डिथचा रुबार्ब आहे, आंबट देठं चिरून भरलेली. आणि चीज म्हणजे काय दूध आहे का, फ्रिज लागायला.

२३ जून

जॉर्जियाचं उघडलं. मऊ. लोण्यासारखं, त्यात मश्रूम. दातांना काही कामच नाही. म्हाताऱ्यांचं खाणं. मला अजून माझे अकरा दात आहेत.

सकाळी एक फोड, दुपारी एक, रात्री ॲपल पायवर एक. संपेपर्यंत पुढचं नाही.

२९ जून

जॉर्जियाचं संपलं. आता कळलं. पहिले दोन दिवस त्याला आवाजच नव्हता. पाचव्या दिवशी जाग आली. काल तर कोठीचं दार उघडलं आणि डोळ्यात पाणी. साल चिकट, आतलं फळीवरून खाली यायच्या बेतात. गोठा आठवडाभर बंद ठेवून मग उघडला की कसं होतं, तसं. म्हणजे ह्या लोकांना हे पाहिजे. शहरातल्या लोकांनी कधी गोठा पाहिलेला नसतो, म्हणून गोठा खायला पैसे देतात.

भयंकर. संपवलं. टाकून कसं देणार.

२ जुलै

इंडियानाचं. उघडल्या उघडल्याच बोललं. कोंबड्यांच्या खुराड्याचा मागचा कोपरा. कातडी सुटून मोज्यासारखी खाली आली. चमच्याने खावं लागलं. आर्डिथने कोठीच्या खिडकीत पंखा लावला, तोंड बाहेर करून. म्हणाली, घरात काही मेलंय का बघ. मी म्हणालो, ही पक्वता. ती म्हणाली, हॉलिस, तुझं नाक चाळीस वर्षं गोठ्यात वाढलंय, त्याला गाईचं मूत कळतच नाही, तू लॉर्नाला काय सांगणार. मी म्हणालो, ज्याला आयुष्यभर एकच चीज माहीत आहे त्याने बोलू नये. ती म्हणाली, ते तूच की.

बायकांना तुलना ह्या विषयात गती नसते.

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक. अग्निशमनाचा ट्रक, बँड, मुलांनी सजवलेल्या सायकली. नंतर दुकानाच्या ओसरीवर रेजी. सगळ्यांसमोर म्हणाला, काय हॉलिस, चीज चाखायला ठेवलंय म्हणे तुला. म्हणजे कुत्र्याला टपाल वाचायला दिल्यासारखं झालं. लोक हसले. मी म्हणालो, माझी मुलगी मला विचारते, तुझी तुला फोनसुद्धा करत नाही. त्यावर त्याने टोपी पुढे ओढली. मग मला बरं वाटायला पाहिजे होतं.

रेजी नंतर म्हणाला, मऊ चीजचं एक असतं, फळासारखं, त्याचा दिवस असतो. त्या दिवशी खाल्लं तर ठीक. मी म्हणालो, गुरुवार का. तो उठून गेला. अर्धवट लोकांना विषयाची खोली नसते.

८ जुलै

पहिली हेप्सी. मेअखेरच्या बॅचमधली चकती लॉर्नाने स्वतः आणली, टेबलावर ठेवली, समोर बसली. वरचं झाकण सुरीने उडवायचं, आत चमचा घालायचा. कमरेचा पट्टा तसाच राहतो.

चव: लोणी, थोडं भाजलेलं बेकन, मोहरी, मागून ओल्या लाकडाची. गुळगुळीत. वास जवळजवळ नाही. जॉर्जिया-इंडियानाने घर भरलं, हिने वाटीसुद्धा भरली नाही. दोन चमचे घेऊन मत देणार होतो. पक्कं करायला आणखी दोन घेतले. मग तळ दिसला. साल चाटली, पण ती सालीची तपासणी होती. जे खाताना माणसाला भान राहत नाही त्यात दम नाही, हे उघड आहे.

लॉर्नाने विचारलं, तयार आहे का. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, दाबून तर तयार वाटते, दिवसही भरलेत. मी म्हणालो, बाकीच्यांपुढे तुझी म्हणजे पाळण्यातलं बाळ. थांब. तिने पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, बाबा, मला काहीच वास येत नाही रे, मी सगळं तुझ्यावर सोडलंय, खरं सांगतोयस ना. मी म्हणालो, मी कधी खोटं बोललोय.

तिने मान हलवली आणि चकत्या परत उलटवायला गेली.

नंतर गोठ्यात गेलो. टॅन्सी नावाची म्हातारी गाय आहे, तिला माझ्या बाहीला चाटायची खोड. मापं राहूनच गेली.

१५ जुलै

कॅलिफोर्नियाचं. आतली राखेची रेघ वाहून एका बाजूला गोळा झालेली. चित्र काढून वर पाणी सांडल्यासारखं. वास: इंडियानाचा थोरला भाऊ. खाताना जीभ बधिर होते, मग काही वाटत नाही, मग आणखी खावंसं वाटतं. सकाळच्या ॲपल पायबरोबर सुरुवात केली, दुपारी बिस्किटांवर, संध्याकाळी कच्च्या कांद्याबरोबर. आवडलं असं नाही. काम आहे म्हणून.

आज लॉर्नाने मध्येच विचारलं, सगळ्यांचा वास असाच जोरदार आहे का. मी म्हणालो, एकूण एक. खरं तेच सांगितलं.

२४ जुलै

न्यूयॉर्कचं संपलं. त्यात मेंढी कुठे आणि गाय कुठे, काही ओळखता आलं नाही. दोघी बुडाल्या.

मेच्या बॅचमधली दुसरी हेप्सी चाखली. आता कुठे सुधारणा. कडेला हलकासा दर्प. जीभ थोडी जळजळली. लॉर्नाला सांगितलं, चांगली वाटेवर आहे. ती खूश झाली. आर्डिथ दारात हात पुसत उभी होती. म्हणाली, लॉर्ना, जरा दुसऱ्या कुणाला. मी म्हणालो, नाक कुणाचं नेमलंय. आर्डिथ गेली. पण जाताना मान हलवली, ती पद्धत मला माहीत आहे. पन्नास वर्षांत तिने ज्या ज्या वेळी तशी मान हलवली, त्या त्या वेळी.

असो.

३ ऑगस्ट

कनेक्टिकटचं बशीत ठेवलेलं, आता बशीभर. ऑरेगॉनचं पान उघडलं तर पानच खाण्यासारखं राहिलेलं. पाव लावून पुसून घेतलं. सहाही संपली. एक दाणा वाया गेला नाही. देशातल्या नामांकित चीजांबद्दल माझं मत पक्कं झालं: सगळी सारखीच. शेळी असो, मेंढी असो, राख असो, पान असो, शेवटी सगळी एकाच गोठ्यात जाऊन पोचतात. लॉर्नाला तसं सांगितलं. ती म्हणाली, सारखी कशी असतील बाबा, लोक त्यांच्या फरकावर पानंच्या पानं लिहितात. मी म्हणालो, लोकांना कामं नसतात.

कोठीत आता काही नाही. दार उघडून बघितलं. दोनदा.

१२ ऑगस्ट

जत्रेला आठ दिवस. तळघरात दोन बॅचेस: मेअखेरची आणि जुलैच्या सुरुवातीची. लॉर्नाचं मत जुलैची न्यायची. बोटाने दाबून म्हणाली, ही आता बरोबर येतेय, मेची हातात बसत नाही, पट्टा काढला तर जमिनीवर जाईल. मी म्हणालो, जुनं आधी. गवत घे, बटाटे घे, लोणची घे. जुनं ठेवून नवं बाहेर काढणाऱ्या माणसाच्या घरात शेवटी सगळंच जुनं उरतं. ती म्हणाली, पण बाबा, हे काय बटाटे आहेत का. मी म्हणालो, मी सहा चाखली की तू. जुलैची नेलीस तर जज म्हणतील, हे चीज की पुडिंग. त्यांना वास लागतो.

ती बाकावर बसली. नाक चोळलं. म्हणाली, मला फक्त एक मिनिट वास आला असता ना. मग उठली आणि मेच्या चकत्या वेगळ्या काढल्या.

जुलैची एक मी घरी आणली, तुलनेसाठी. आर्डिथचा रुबार्ब संपलाय, म्हणून फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली. तिची पाळी येईल तेव्हा बघू. ठरवलं: जत्रेत फार बोलायचं नाही. कुणी विचारलंच तर नाक माझं हे सांगायचं, पण साधेपणाने.

२० ऑगस्ट, रात्री जेवून

गरम होतं. तंबूत सपाटीवरचे, म्हणजे बाहेरून आलेले शहरी लोक, पांढऱ्या टोप्या, हातात कागदी बशा. शेजारच्या तंबूत बैलांची ओढ, म्हणजे ओझं ओढायची शर्यत चालू होती. माझं मन तिकडे होतं, पण जबाबदारी होती म्हणून थांबलो. पांढरा शर्ट घातला होता.

जज तीन. मुख्य बाई विस्कॉन्सिनची, शर्स्टी आमॉट नावाची, उंच, गंभीर, डोळे असे की दुधाची बादली बघून गाय सांगेल. प्रत्येक चीज कापायची, बोटांनी चोळायची, हुंगायची, मग एवढासा तुकडा. बाकीच्या चीजांना वास नव्हता. मला दया आली त्या लोकांची. लॉर्नाच्या दंडाला कोपर लावून म्हणालो, बघ, कुणाचंच आपल्यासारखं नाही.

आमच्या टेबलाशी आल्या. बाईंनी झाकण उडवलं. उडवावं लागलंच नाही, ते आपण होऊन सरकलं. हेप्सी पट्ट्याच्या वरून बाहेर आली, बशीवरून, टेबलाच्या कडेवरून, आणि बाजूच्या जजच्या बुटावर. जो तरुण जज होता तो दोन पावलं मागे गेला आणि तंबूच्या दोरीत अडकला. मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, कुणी क्लोरिन सांडलं का.

शर्स्टी आमॉट हलली नाही. डोळे पुसले, तरी चमच्याचं टोक जिभेला लावलं. हे मी तिच्या बाजूने सांगीन. मग लॉर्नाला हळू आवाजात म्हणाली, ताई, इतका अमोनिया असला की त्याच्या खाली मूळ चव काय होती ते कुणालाच सांगता येत नाही. रीत चुकली की वेळ, मला ह्यातून कळायला मार्ग नाही. दिवस कुणी ठरवला.

मी घसा साफ केला. लॉर्ना म्हणाली, मीच.

नंतर बैलांची ओढ बघायला गेलो. कोण जिंकलं ते बघितलं नाही.

दोष उन्हाचा. तंबू दक्षिणेकडे तोंड करून कोण उभा करतं.

२१ ऑगस्ट

दोष सालीचा. ह्या वर्षीची स्प्रूसची साल पातळ निघाली. ती मीच काढली होती, पण झाडं तशी होती.

लॉर्ना येताना ट्रकमध्ये एवढंच म्हणाली, वेळ बरोबर होती ना बाबा, तू तर सहा चाखलीस. मग रीतच चुकतेय. तीन वर्षं तीच चूक करतेय मी. मी म्हणालो, वेळ बरोबर होती. वेळ बरोबरच होती.

२२ ऑगस्ट

तिने तळघर रिकामं केलं. जुलैची सगळी बॅच डुकरांना. न चाखता. म्हणाली, तीच रीत, तेच होणार. डुकरं एरवी चीज करताना उरलेलं पाणी पितात आणि भांडतात. आज भांडली नाहीत. शांतपणे, शेजारी शेजारी, पट्ट्यासकट. एक मान वर करून माझ्याकडे बघत राहिलं.

न्यूयॉर्ककडच्या माणसाचा ट्रक शुक्रवारी. लॉर्ना उद्यापासून बर्लिंग्टनला, शाळेच्या मुख्याध्यापकाला भेटायला, दोन दिवस. धारा मी आणि आर्डिथ काढणार. खुबा ठीक आहे.

गोठ्याची मापं घेतली. ट्रॅक्टर बसत नाही.

२४ ऑगस्ट, संध्याकाळी

रेजी आला. सहानुभूती दाखवायला. सहानुभूती दाखवणाऱ्या माणसाला बसायला सांगावं लागतं हा ह्या भागातला एक जाच आहे. आर्डिथने ब्लूबेरी पाय कापला. घरात पिवळं चीज संपलेलं. मी म्हणालो, फ्रिजच्या मागे एक हेप्सी पडलीय, तीच काढ, शेवटची आहे म्हणजे जुनीही तीच. टाकायची नाही.

आर्डिथने झाकण उडवलं. वास आला नाही. मी म्हणालो, बघा, कच्ची.

रेजीने पायची बशी बाजूला सारून चमचा आत घातला. रेजी बूशार चर्चमध्ये बोलतो, दंतवैद्याच्या खुर्चीत बोलतो, स्वतःच्या लग्नात बोलत होता. तो बोलला नाही. दुसरा चमचा. तिसरा. मग टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, माझ्या आजीच्या घरी असं एकदा होतं. एकदाच.

आर्डिथने कधी नव्हे ते बोट घातलं. पांढऱ्या कातडीचं न खाणारी बाई. बोट चाटलं. खिडकीबाहेर बघत उभी राहिली. मग चमचा आणला, आणि उभ्यानेच.

रेजी म्हणाला, हॉलिस, ही कुठली बॅच. मी म्हणालो, जुलैची. तो म्हणाला, मग ही जत्रेला का नाही नेलीस. मी म्हणालो, तिची पाळी नव्हती. जुनी आधी होती.

आर्डिथने विचारलं, आणि ती सहा कशी खाल्लीस तू. मी म्हणालो, कशी म्हणजे, नियमाने. सगळ्यात जुनं आधी, एक संपल्यावर दुसरं. कोठीच्या फळीवर. शेवटचं पाच-सहा आठवड्यांनी आलं असेल वाट्याला.

रेजीने टोपी परत घातली. हसला नाही, हे सगळ्यात वाईट. आर्डिथ माझ्याकडे बघत म्हणाली, म्हणजे तू सहाच्या सहा सडवून खाल्लीस, आणि मग पोरीच्या चांगल्या चीजला म्हणालास, अजून सडली नाही, थांब.

मी म्हणालो, ते तसं मांडायचं असेल तर मांड.

ती फोनकडे गेली. नंबर फिरवला. म्हणाली, लॉर्ना, ऐक, मी आत्ता तुझी हेप्सी खाल्लीय. मी. हो, मी. त्या मुख्याध्यापकाला सांग आई आजारी आहे, आणि त्या ट्रकवाल्याला सांग येऊ नको. तुझी रीत बरोबर आहे. बाकी तुझा बाप सांगेल. फोन माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, हॅलो. लॉर्नाने विचारलं, काय झालं बाबा. मी सांगितलं, कोणत्या क्रमाने खाल्ली ते. मग तिने विचारलं, आठ जुलैला तू चाखलीस ती कशी होती, खरं सांग. मी म्हणालो, संपली. म्हणाली, म्हणजे. मी म्हणालो, म्हणजे खाता खाता संपली, थांबताच आलं नाही. मग पलीकडून एक आवाज आला, तो हसण्याचा होता की रडण्याचा, फोनवर समजत नाही. फोन ह्या वस्तूत सुधारणा व्हायला पाहिजे.

रेजी ब्लूबेरी पायची फोडसुद्धा न संपवता गेला. हेप्सीची वाटी मात्र पुसलेली होती.

३ सप्टेंबर

गाई आहेत. ट्रक आला नाही. एका अर्थी चकती मी वाचवली म्हणून गाई वाचल्या, पण हे ह्या घरात कुणाच्या लक्षात येत नाही. लॉर्ना परत आली, मला काही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर उत्तर तयार होतं. तिने फक्त नवी बॅच लावली, आणि तळघराच्या दारावर नवं कुलूप.

९ सप्टेंबर

आता चाखायला रेजी येतो. दर मंगळवारी, दाढी करून, स्वतःचा चमचा खिशात घेऊन. आर्डिथ शेजारी बसते, तीही खाते, दोघं मान हलवतात आणि लॉर्ना लिहून घेते. माझ्याकडे साल काढायचं काम आहे, आणि भांडी. साल काढणं कमी काम नाही, पट्टा नसेल तर सगळं जमिनीवर जातं.

आज लॉर्नाला कॉफीचा वास आला. पुसटसा. ती कप धरून अंगणात उभी होती, आर्डिथ तिच्या खांद्यावर हात ठेवून. मी भांडी घासत होतो.

नंतर रेजी आत आला, एक चमचा हेप्सी भरून माझ्यापुढे धरला, म्हणाला, घे हॉलिस, आज बरोबर दिवस आहे, तुझं काय मत ते ऐकू दे. लॉर्ना, आर्डिथ, सगळे बघत होते.

मी खाल्लं. कशी होती ते मी त्यांना सांगितलं नाही, आणि इथेही सांगणार नाही.